ठाणे-नवी मुंबईत चित्रप्रदर्शनं कुठे बघता?

तलावपाळी (शनिवार, सकाळी ९.१२)

आम्ही नौपाड्यात राहतो. आई ७४ वर्षांची आहे. परवा माळा आवरताना तिची एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटची सर्टिफिकेटं सापडली. इंटरमिजिएटला अ श्रेणी! इतक्या वर्षांत घरात कुणाला हे ठाऊकच नव्हतं. सर्टिफिकेटांखाली स्थिरचित्राचा एक कागद होता. पितळी तांब्या, दोन कांदे आणि मागे चुण्या पडलेलं फडकं. कागद पिवळा पडलाय, कडा वाळवीने खाल्ल्यात, पण तांब्यावरची चकाकी अजून तशीच आहे. तिथे पांढरा रंग नाहीच, तेवढा कागद तिने कोरा सोडलाय.

मी विचारलं, पुढे का नाही काढलीस चित्रं? म्हणाली, "रंग संपले, आणि मग लग्न झालं." थोड्या वेळाने आपणहून म्हणाली, "कॅलेंडरावरची चित्रं पुष्कळ बघितली रे. एकदा खऱ्या चित्रापुढे उभं राहायचंय."

तिला गुडघ्यांचा त्रास आहे, लोकलच्या गर्दीत चढवत नाही. नाटकाला आपल्याकडे गडकरी रंगायतन आहे, घाणेकर आहे, वाशीला भावे नाट्यगृह आहे. चित्रांचं काय? ठाण्यात किंवा नवी मुंबईत तुम्ही प्रदर्शनं कुठे बघता? सध्या कुठे काय लागलंय हे कळतं तरी कसं?

ऐरोलीकर (९.४०)

खरं सांगू? आपल्याकडे यातलं काही नाही. मॉल आहेत, एक्झिबिशन म्हटलं की साड्यांचा सेल आहे. वाशीच्या सिडको एक्झिबिशन सेंटरला मी गेलो तो फ्लॅट बघायला. ओला-उबर करा आणि आईंना थेट मुंबईच्या जहांगीर आर्ट गॅलरीत न्या.

कोरा_कागद (१०.२५)

ऐरोलीकर, असहमत. मी जलरंगात काम करतो आणि ठाण्यातच प्रदर्शन भरवतो, म्हणून लिहितो.

कापूरबावडीला महापालिकेचं ठाणे कला भवन आहे. तिथे चित्रांची प्रदर्शनं लागतात. घंटाळीच्या सहयोग मंदिरातही अधूनमधून असतात. जागा कमी आहेत हे मान्य. पण आहेत त्या जागी आपण जातो का?

माझं गेलं प्रदर्शन सहा दिवसांचं होतं. २२ चित्रं. माउंट, काच, फ्रेम, टेम्पो, हॉलचं भाडं, सगळं खिशातून. हॉलचं नाव लिहीत नाही, पण भिंतीला खिळा मारायचा नाही ही अट, म्हणून वरच्या पट्टीपासून दोऱ्या सोडून चित्रं टांगली. पंखा लावला की ती हलायची. दोन ट्यूब लुकलुकत होत्या, त्या शेवटपर्यंत बदलून मिळाल्या नाहीत. बाहेर रस्त्यावर तुफान गर्दी, आणि आत दिवसाला जेमतेम तीस माणसं.

तरीही ते प्रदर्शन मला का आठवतं ते सांगतो. शेवटच्या दिवशी चित्रं न्यायला टेम्पोवाला आला. चेंदणी कोळीवाड्यातला. बाकीची चित्रं त्याने भराभर उतरवली आणि एका चित्रापाशी थांबला. कळवा पुलाजवळची खाडी, नांगरलेल्या तीन होड्या, खाली नाव 'भरती'. म्हणाला, "साहेब, भरती असेल तर होड्या उलट्या आहेत. नांगरलेली होडी पाण्याकडे तोंड करते. पाणी समुद्राकडनं चढतंय, म्हणजे नाळ पण समुद्राकडे पायजे." सहा दिवसांत चित्रकार आले, मास्तर आले, कुणाच्या लक्षात आलं नाही. मी त्या चित्राचं नाव बदलून 'ओहोटी' केलं.

असा एक माणूस येतो म्हणून मी पुन्हा हॉल बुक करतो.

माहेरवाशीण (१०.३१)

टेम्पोवाल्याचा किस्सा वाचून अंगावर काटा आला. वाचनखूण साठवली.

हार्बरवाली (११.०५)

तलावपाळी, कुठे काय चालू आहे ते कळायचं माझं साधन अजूनही पेपरातलं 'आजचे कार्यक्रम' हेच. शिवाय ठाणे-डोंबिवलीतल्या चित्रकारांचे व्हॉट्सॲप ग्रुप आहेत, एका चित्रकाराशी ओळख झाली की पुढची आमंत्रणं आपोआप येतात. प्रदर्शनात अभिप्रायाची वही असते ना, तीत फोन नंबर लिहून यायचा.

मुंबईला जायचंच असेल तर मी नेरूळहून जाते त्या अनुभवावरून:

जहांगीरची प्रदर्शनं मंगळवार ते सोमवार अशी आठवड्याची असतात, सकाळी ११ ते संध्याकाळी ७, प्रवेश मोफत. दर मंगळवारी नवी चित्रं. म्हणून मी मंगळवार टाळते, चित्रकार तेव्हा उद्घाटनाच्या गडबडीत असतात. बुधवारी-गुरुवारी दुपारी जावं, निवांत बोलतात. समोर रस्ता ओलांडला की नॅशनल गॅलरी, ती सोमवारी बंद. आत वर्तुळाकार जिने चढत घुमटापर्यंत जावं लागतं, गुडघ्यांचा विचार करून ठरवा. सीएसएमटीहून टॅक्सी करा, चालत नेऊ नका.

घंटाळी (११.५०)

जहांगीर म्हटलं की मला आधी समोवार आठवतं. गॅलरीतलंच १९६४ पासूनचं ते कॅफे ३१ मार्च २०१५ ला बंद झालं. आम्ही कॉलेजातून यायचो, एक चहा तिघांत, आणि शेजारच्या टेबलावर कुणीतरी नामवंत चित्रकार टिश्यूवर रेघोट्या मारत बसलेला. बोगद्यासारखी लांबट जागा, एका बाजूला हिरवळ. चित्रं बघून डोकं भरलं की तिथे बसून ती आत मुरायची. आता चित्रं बघून झाली की माणूस सरळ फुटपाथवर येतो.

शाईचा_डाग (११.५८)

कीमा पराठा!

घंटाळी (१२.०४)

आणि पुदिन्याचा चहा. बास, पुढे लिहवत नाही.

ऐरोलीकर (१२.२०)

कोरा_कागद, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. 'काही नाही' हा शब्द मागे घेतो. पण ठाण्याला १८५१ पासून वाचनालय आहे, मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ चं आहे. पुस्तकांसाठी ज्या गावाने इतकं आधी केलं, त्या गावाला कायमचं कलासंग्रहालय का नसावं? सहा दिवसांनी उतरवायची चित्रं नकोत. केव्हाही जावं तर भिंतीवर हवीत. हे माझं दुखणं आहे.

पामबीच (१२.४५)

नवी मुंबईत भिंती रंगल्यात की! स्वच्छता सर्वेक्षणाच्या निमित्ताने उड्डाणपुलांचे खांब, शाळांच्या भिंती, स्टेशनबाहेरचा रस्ता, सगळीकडे चित्रं. फ्लेमिंगो तर इतके की खाडीत कमी आणि भिंतीवर जास्त. माझी नात रिक्षातून मोजत जाते. हे प्रदर्शनच नाही का? तिकीट नको, जिना नको.

चित्रकलेचे_मास्तर (१.३०)

पामबीच, भिंती रंगल्या याचा मला आनंद आहे, माझे विद्यार्थीही त्यात होते. पण दोन गोष्टी मनापासून खटकतात. एक, खाली चित्रकाराचं नाव नसतं. दुसरी, वारलीची नक्कल. दोन त्रिकोण, चार काड्या, झाली वारली! एका भिंतीवर वारली बाई मोबाइलवर बोलताना दाखवली आहे आणि तारपा वाजवणाऱ्याच्या भोवती नाचणाऱ्यांचे हातच सुटलेत. तो फेर आहे, हातात हात गुंफलेले असतात, साखळी सुटली की नाच राहत नाही.

डहाणूरोड (२.१०)

मास्तरांना अनुमोदन. मी मूळचा तिकडचा, आता घणसोलीत. पालघर वेगळा होईपर्यंत, म्हणजे १ ऑगस्ट २०१४ पर्यंत, वारली ही आपल्या ठाणे जिल्ह्याचीच कला होती. ठाण्याच्या कलेबद्दल बोलताना ती सुरुवातीलाच यायला हवी.

लग्नघरात सवाष्णी भिंतीवर चौक लिहितात. लिहितात म्हणतात, काढतात नव्हे. कुडाची भिंत शेणामातीने सारवायची, वर गेरू, आणि तांदळाच्या पिठाचा पांढरा रंग. बांबूच्या काडीचं टोक चावून मऊ करायचं, तोच कुंचला. चौकाच्या मधोमध पालघट देवी. तो चौक लिहिल्याशिवाय लग्न लागत नाही. लग्न झालं की भिंत पुन्हा सारवली जाते, चित्र जातं. आजी म्हणायची, देवी आली आणि गेली.

सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला चित्रकार भास्कर कुलकर्णी कागद आणि रंग घेऊन आमच्या पाड्यांवर आले, तेव्हा भिंतीवरचं कागदावर आलं. गंजाडच्या जिव्या सोमा मशे यांनी लग्नाचा चौक सोडून रोजचं सगळं काढलं: कोळ्याचं जाळं, मुंग्यांची रांग, पेरणी. बायकांची कला पुरुषाने हातात घेतली म्हणून तेव्हा गावात कुजबुजही झाली म्हणतात. २००३ मध्ये जर्मनीत ड्युसेलडॉर्फच्या संग्रहालयात रिचर्ड लाँग या ब्रिटिश कलावंताच्या बरोबरीने त्यांची चित्रं लागली, २०११ मध्ये पद्मश्री मिळाली, २०१८ मध्ये ते गेले. ड्युसेलडॉर्फला भिंत मिळाली आणि ज्या जिल्ह्यात ते जन्मले-वाढले त्या जिल्ह्याच्या ठिकाणी नाही. ऐरोलीकर, तुमच्या कलासंग्रहालयाची पहिली भिंत कुणाची, ते मी सांगून ठेवलं.

माहेरवाशीण (२.१८)

"देवी आली आणि गेली." _/\_

ऐरोलीकर (२.२५)

पहिली भिंत पक्की.

सेक्टर_आठ (३.४०)

थोडं अवांतर, पण विषयाला धरून. मी बेलापूरच्या आर्टिस्ट व्हिलेजमध्ये राहते. पाहुणे नेहमी विचारतात, इथे गॅलरी कुठे आहे? गॅलरी नाही हो, पण वस्तीच बघण्यासारखी आहे. वास्तुविशारद चार्ल्स कोरिया यांनी १९८३ ते १९८६ मध्ये बांधली. सात-सात घरांचा पुंजका आणि मध्ये ८ मीटर लांबी-रुंदीचं सामायिक अंगण. कोणत्याही दोन घरांची भिंत सामायिक नाही, म्हणजे कुटुंब वाढलं की शेजाऱ्याला न दुखावता आपलं घर वाढवता यावं. लोकांनी खरंच वाढवली, इतकी की मूळची उतरत्या कौलांची घरं आता शोधावी लागतात. त्याबद्दल हळहळणारे वास्तुकलेचे विद्यार्थी दर हिवाळ्यात वह्या घेऊन येतात. मला मात्र अंगण टिकलंय याचं अप्रूप जास्त. दिवाळीत सात घरांच्या रांगोळ्या एकाच अंगणात असतात.

तलावपाळी, आईंना इकडे घेऊन या. सगळं सपाट आहे, चहा माझ्याकडे. जवळच अर्बन हाट आहे, तिथे हस्तकलेचे मेळे भरतात, वेगवेगळ्या राज्यांतले कारागीर स्वतः बसलेले असतात. आईंना पितळेच्या तांब्याची आवड दिसतेच!

तलावपाळी (४.१५)

ताई, चहाचं आमंत्रण आईला वाचून दाखवलं. नक्की येऊ. सगळ्यांचे प्रतिसाद तिला मोठ्याने वाचून दाखवतोय. होड्यांचं तिला पटलं. "बरोबर आहे त्या कोळ्याचं," म्हणाली.

वडखळनाका (५.२०)

गाडी असेल तर सासवणे सुचवतो. मांडवा-अलिबाग पट्ट्यातलं गाव. शिल्पकार नानासाहेब करमरकर (१८९१-१९६७) तिथलेच. लहानपणी देवळाच्या भिंतीवर काढलेलं शिवाजी महाराजांचं चित्र कुलाब्याचा कलेक्टर ऑटो रॉथफेल्ड याच्या नजरेला पडलं आणि त्याने पोराला मुंबईच्या जेजे स्कूल ऑफ आर्टमध्ये पाठवलं. पुण्यातला महाराजांचा १९२८ चा अश्वारूढ पुतळा त्यांचाच. त्यांच्या राहत्या घरात आणि अंगणात शिल्पं मांडलेली आहेत. अंगणात सिमेंटची म्हैस बसलीय. आमचा धाकटा तिला चारा घालायला गेला होता. पाठीच्या कण्यावरून कातडं कसं सैल ओघळतं, मानेखाली घड्या कशा पडतात ते बघा. पाच वर्षं रोज गोठ्यात बसल्याशिवाय असं घडत नाही. आईंना बसून बघता येईल, जिने नाहीत म्हटलं तरी चालेल. पनवेल-पेणवरून या, किंवा भाऊच्या धक्क्यावरून गाडीसकट रो-रोने मांडव्याला उतरा.

चित्रकलेचे_मास्तर (६.०५)

वडखळनाका, सुरेख. मी दरवर्षी सातवी-आठवीच्या मुलांना तिथे नेतो आणि एकच काम देतो: एक शिल्प निवडा, त्याभोवती तीनदा फिरा, मग काढा. कुणीही पहिल्या फेरीत पेन्सिल काढायची नाही.

चित्रांबाबतही तेच. प्रदर्शनात लोक नाव-किंमत वाचतात, फोटो काढतात, पुढे जातात. मी मुलांना सांगतो, दालनात आधी एक चक्कर मारा, मग ज्या एका चित्रापाशी परत जावंसं वाटतं तिथे जा आणि दहा मिनिटं थांबा. बाकीची राहिली तरी चालतील. जवळून बघा, कुंचल्याची दिशा कळते. मागे या, चित्र जुळून येतं. 'अर्थ काय' हा प्रश्न सर्वात शेवटी.

आणि जेजेचं विद्यार्थ्यांचं वार्षिक प्रदर्शन चुकवू नका. १८५७ पासूनची संस्था, सीएसएमटीहून जवळ, झाडीतला परिसर. चित्रकार धुरंधर तिथेच शिकले आणि तिथेच शिकवलं. पोरांची कामं कच्ची असतात, पण हात न राखता केलेली असतात.

शाईचा_डाग (६.३०)

मास्तर, सगळं खरं, पण प्रामाणिकपणे विचारतो. काळ्या कॅनव्हासवर एक पिवळा पट्टा, आणि शेजारी लाल टिकली, म्हणजे विकलं गेलेलं. दहा मिनिटं उभा राहिलो, काहीच झालं नाही. मग?

चित्रकलेचे_मास्तर (६.५२)

मग काही नाही. पुढच्या चित्राकडे जायचं. गाण्याच्या बैठकीत प्रत्येक राग आपल्याला भिडतोच असं थोडंच आहे? पण शक्य झालं तर अमूर्त चित्रं काढणाऱ्या गायतोंड्यांचं एखादं मूळ चित्र बघा. रोलरने रंग चढवायचा, सुरीने ओढायचा, पुन्हा चढवायचा, असे थर आहेत. छापलेल्या पानावर ते सपाट दिसतं, समोर उभं राहिलं की खालचा थर वर झिरपताना दिसतो. तुमच्या आईंचं म्हणणं, तलावपाळी, अगदी नेमकं आहे. खऱ्या चित्रापुढेच उभं राहावं लागतं.

कोरा_कागद (८.१०)

तलावपाळी, कला भवनला या आठवड्यात काही जलरंगवाल्या मित्रांचं प्रदर्शन आहे. उद्या दुपारी मी तिथे आहे. तीननंतर आणा आईंना. खुर्चीची सोय करून ठेवतो.

तलावपाळी (सोमवार, रात्री ९.३५)

काल गेलो. रिक्षाने कापूरबावडी, पुलाखालच्या ट्रॅफिकमध्ये अर्धा तास, पण पोचलो. कोरा_कागद दारातच उभे होते, खुर्ची घेऊन. मनापासून आभार. आई खुर्चीवर बसलीच नाही. खुर्ची उचलून तिच्या मागे मागे मीच फिरत होतो.

तिने मास्तरांचं ऐकलं, आधी एक चक्कर मारली. मग पावसातल्या स्टेशन रोडच्या चित्रापाशी परत गेली. चष्मा काढून अगदी नाक लावून बघितलं आणि म्हणाली, "इथे घाई झालीय." रस्त्याच्या कडेला रंग फुलून वर चढला होता, फुलकोबीसारखा. चित्रकार मुलगा शेजारीच होता, पंचविशीतला. हसला आणि म्हणाला, "आजी, खालचा पातळ रंगाचा वॉश सुकला नव्हता, रिक्षा यायच्या आत संपवायचं होतं." मग दोघं कागदावर बोलायला लागले. किती जाड, खरखरीत का गुळगुळीत, पाण्याने फुगतो का. आमच्या वेळी कागद ड्रॉइंग बोर्डाला चिकटपट्टीने ताणायचो, हे ती त्याला सांगत होती. मला तिचा हा आवाज नवा होता.

आणि निघताना तिने सगळ्यांसमोर एक तक्रार केली, ती जशीच्या तशी लिहितो: "पंचवीस-तीस चित्रं बघितली, त्यातली नऊ बनारसच्या घाटाची. का रे? आपल्या तलावांना पायऱ्या नाहीत?"

कोरा_कागद (९.५०)

काकूंच्या त्या वाक्याने कालपासून झोप नाही. नऊपैकी दोन बनारस, ते काढणारे माझे मित्र आहेत म्हणून भिंतीवर होते, आणि मीही बनारस काढून विकलेलं आहे. लोक घेतात म्हणून आम्ही काढतो, आम्ही काढतो म्हणून लोक तेच बघतात. आज सकाळी सहाला मासुंदा तलावावर जाऊन बसलो. कोपिनेश्वराच्या बाजूने ऊन येतं तेव्हा पाण्यावर आधी हिरवट आणि मग एकदम पिवळं पडतं. दोन कागद वाया गेले. उद्या परत जाणार.

डहाणूरोड (९.५८)

काकूंना माझा नमस्कार सांगा.

ऐरोलीकर (१०.०५)

कलासंग्रहालयाची दुसरी भिंत ठाण्याच्या तलावांची. लिहून ठेवलं. आणि मी पुढच्या रविवारी कला भवनला येतोय, तीस माणसांतला एकतिसावा.

हार्बरवाली (१०.२०)

मग मी पुढचं सुचवते. भायखळ्याचं भाऊ दाजी लाड संग्रहालय. १८७२ चं, मुंबईतलं सर्वात जुनं. बाहेर घारापुरीचा दगडी हत्ती आहे. इंग्रज तो विलायतेला न्यायला निघाले होते, उचलताना तुकडे झाले म्हणून इथेच राहिला, पुढे जोडून उभा केला. काळा घोडा भागाला ज्याने नाव दिलं तो मूळ घोड्याचा पुतळाही तिथेच राणीच्या बागेत आहे. आत मातीच्या छोट्या प्रतिकृती आहेत, एकेका व्यवसायातली माणसं, पागोट्यांच्या घड्यांसकट. काकूंना त्या घड्या बघायच्या असतील.

ठाण्याहून भायखळ्याला फास्टही थांबते. आम्हा हार्बरवाल्यांना कुर्ल्याला बदलावी लागते. बुधवारी बंद. दुरुस्तीसाठी अधूनमधून दालनं बंद ठेवतात, म्हणून मी शुक्रवारी फोन करून इथे लिहीन. रविवारी सकाळी गर्दी कमी असते. कोण कोण येतंय?

सेक्टर_आठ (१०.२४)

मी. डबा मी आणते.

शाईचा_डाग (१०.२६)

मीही. दहा मिनिटांचा प्रयोग पुन्हा करून बघतो.

तलावपाळी (१०.४०)

आम्ही दोघं येतोय. आई विचारते, हत्तीसमोर बसायला बाक आहे का. आणि तो हत्ती कुठे कुठे जोडलाय ते दिसतं का.